आमच्या घरात काही संपत नसे

सुरतेत लिंबायतच्या त्या एका खोलीत आई कधी "पीठ संपलं" असं म्हणाली नाही. डब्याच्या तळाशी वाटी खरवडल्याचा आवाज यायचा आणि मग ती म्हणायची, "पीठ दळाले न्यावं लागी." मीठ, रॉकेल, चहाची पावडर, सगळ्याचं तसंच. दिवा विझवायचा नसे, शांत करायचा. बांगडी फुटत नसे, वाढवली जात असे. बाहेर जाताना "जातो" म्हटलं की ती दारातून परत बोलवायची आणि "येतो" म्हणायला लावायची. एवढं बऱ्याच मराठी घरांत असतं, पण आमच्याकडे फारच कडक होतं. माझ्या तोंडून एकदा "साबण संपला" असं गेलं तर तिने हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघितलं.

"घरमा अशे बोलो नही, माय. वास्तू तथास्तु म्हनस."

घराच्या भिंतींना कान असतात आणि आपण जे बोलू त्याला त्या 'तसंच होवो' म्हणतात, यावर तिचा पक्का विश्वास होता. वडिलांचा नव्हता, पण तेही पाळायचे. ते ज्या लूमच्या कारखान्यात काम करत, त्याला सुरतेत सगळे 'खातं' म्हणतात. आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज तोडत, त्या विजेच्या सुट्टीच्या दिवशी खातं बंद असे, पण घरात येऊन वडील "आज खाताले सुट्टी" एवढंच म्हणत. 'बंद' हा शब्द ते ओट्यावर चपलांबरोबर काढून ठेवत.

मला हे सगळं नवीन होतं, कारण मी आईवडिलांजवळ वाढले नव्हते. अगदी लहान असताना मला खान्देशात मामाकडे ठेवलं होतं. तालुक्याचं लहान गाव, मराठी शाळा, पत्र्याखालचे वर्ग. बारावीपर्यंत मी तिथेच शिकले. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून होतं, पण शिकवणारे गुरुजी धडा आधी मराठीत सांगत आणि मग इंग्रजीत वाचत, त्यामुळे मला इंग्रजी वाचलेलं कळायचं आणि बोलायची भीती वाटायची. तरीही त्या गुरुजींचे आणि मामा-मामीचे उपकार माझ्यावर आहेत. घरात त्यांची स्वतःची मुलं असताना त्यांनी मला कधी शाळेतून काढायचा विषय काढला नाही. आई मला सुट्टीतच भेटायची. तिच्या हाताला नव्या साडीच्या कापडाचा वास असायचा, कारण ती घरी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करायची. तो वास मला आवडायचा. तेवढीच ती मला माहीत होती.

बारावीनंतर वडील मला न्यायला आले. सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढचं वर्ष होतं ते. पळून गेलेली माणसं केव्हाच परत आली होती, गल्लीत पुन्हा पाय ठेवायला जागा नव्हती आणि दिवसरात्र चारी बाजूंनी लूमची खटखट चालू असे. मला पहिले काही दिवस त्या आवाजात झोप लागेना. नंतर सुट्टीच्या दिवशी आवाज नसला की झोप लागेना.

कॉलेजला जायचं तर शटल रिक्षात दाटीवाटीने बसून जावं लागे. आमच्या घराण्यात कॉलेजच्या फाटकातून आत गेलेली मी पहिलीच. वडील पहिल्या दिवशी सोडायला आले आणि फाटकाबाहेरच उभे राहिले. मी म्हटलं आत चला, तर म्हणाले की कपड्यांवर कापसासारखे तंतू चिकटलेले आहेत, बरं दिसत नाही.

कॉलेज गुजराती माध्यमाचं. मी पाट्या वाचण्यापुरतं गुजराती शिकले होते, बोलणं कळत होतं, पण परीक्षेत पानंच्या पानं लिहायची म्हणजे माझ्या हातून होणारं नव्हतं. पहिलं वर्ष मी कसंबसं काढलं. दुसऱ्या वर्षापासून मुख्य विषय घ्यायचा होता. इतिहास, अर्थशास्त्र, गुजराती, जे घ्याल ते गुजरातीतूनच. फक्त इंग्रजी इंग्रजीतून होतं. म्हणजे इंग्रजी मिळालं तर माझं कॉलेज पुढे चालणार, आणि नाही मिळालं तर मी घरी बसून आईबरोबर धागे कापणार. हे मला माहीत होतं, वडिलांना माहीत होतं, आणि वडिलांनी सांगून टाकल्यामुळे त्यांच्या खात्यातल्या सगळ्यांना माहीत होतं.

मुख्य इंग्रजीला कोणाला घ्यायचं ते आमचे सर ठरवत. ते मूळचे सुरतचेच, निवृत्तीला आलेले. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. बोलताना इंग्रजी आणि गुजराती एकमेकांत मिसळून टाकत. त्यांचा एक ठरलेला तास असे. त्यात ते एकच शब्द घेत आणि त्याची सगळी भावकी फळ्यावर मांडत. कोण कोणाच्या जवळचा, कोण कोणाच्या घरी जेवायला बसत नाही, असं ते सांगत. मला तो तास फार आवडायचा.

त्या आठवड्यात त्यांनी 'सीस' हा शब्द घेतला. सीस म्हणजे थांबणं, संपणं. मग त्याच्या बाजूला स्टॉप, एन्ड, फिनिश, टर्मिनेट, लॅप्स, डिसकन्टिन्यू, एक्स्पायर. अर्थ विचाराल तर सगळ्यांचा एकच, असं म्हणून त्यांनी खडू ठेवला आणि मग प्रत्येकाची वागणूक सांगायला सुरुवात केली. स्टॉप हाताने करता येतं, पंखा स्टॉप करतो, रिक्षा स्टॉप करतो. फिनिश होतं ते काम किंवा ताटातलं जेवण. एन्ड रस्त्याला असतो, गोष्टीला असतो. टर्मिनेटमध्ये हुकूम आहे, वरचा कोणीतरी खालच्याचं टोक कापतो. डिसकन्टिन्यू म्हणजे चालू असलेलं पुढे चालवायचं नाही असं कोणीतरी ठरवलं. लॅप्स म्हणजे कोणी काही ठरवलं नाही, लक्ष दिलं नाही म्हणून गेलं. एक्स्पायर हा शब्द मुदतीच्या गोष्टींचा, औषधाचा, परवान्याचा. आपल्याकडे बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, कार्डावर माणूस 'एक्स्पायर' झाला असं छापतात ते त्यांना मुळीच आवडत नसे. माणूस म्हणजे रेल्वेचा पास आहे का, असं ते विचारत. आणि सीस? त्यात हात दिसत नाही, ते म्हणाले. पाऊस सीस होतो, आवाज सीस होतो. झाल्यावर थोड्या वेळाने माणसाच्या लक्षात येतं की अरे, केव्हाचं थांबलंय.

प्रत्येक शब्दाचं एकेक वाक्य लिहून आणायला सांगितलं. अट एकच होती. गाइडमधलं वाक्य चालणार नाही. राजा नको, युद्ध नको. वाक्य स्वतःच्या घरातलं पाहिजे.

मी घरी आले आणि वही उघडून बसले. आई भिंतीला टेकून साडीचे धागे कापत होती. आता इथे बसून मी 'आमचे तांदूळ संपले' कसं लिहू? बोलायचं नाही तर लिहायचंही नसणार, असं मला वाटलं. तरी वाक्यं तर पाहिजेत. मग मला एक युक्ती सुचली आणि मला ती फार हुशारीची वाटली. मी प्रत्येक वाक्य नकारात लिहिलं. आमचे तांदूळ फिनिश झालेले नाहीत. माझ्या वडिलांची नोकरी टर्मिनेट होणार नाही. आमचं रेशन कार्ड कधीही एक्स्पायर होणार नाही. आमच्या घरातलं हसणं सीस होत नाही. वास्तूने तथास्तु म्हटलं तरी चांगलंच होईल. शब्दही वापरले गेले आणि घरही सांभाळलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी वही उचलली आणि मोठ्याने वाचायला लागले. तिसऱ्या वाक्याला मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. शेवटचं वाक्य झाल्यावर सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले की सुरतमधलं सगळ्यात सुखी घर आज आपल्याला सापडलं, इथे काहीच संपत नाही. मागून एक मुलगा म्हणाला, "सर, आजथी एने त्यां ज जमवा जईए." आजपासून हिच्याकडेच जेवायला जाऊ. सगळा वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं.

तास झाल्यावर सरांनी मला थांबवलं. गाइडमधून उतरवलं का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. मग असं का लिहिलं? वास्तू आणि तथास्तु इंग्रजीत कसं सांगायचं ते मला येईना, गुजरातीतही येईना. "सर, आमच्या घरी असं बोलत नाहीत," एवढंच मी म्हणाले. ते रागावले नाहीत. पण जे शब्द तोंडात घ्यायला तू घाबरतेस ते मी तुला शिकवू कसे, असं ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात मुख्य इंग्रजीसाठी तोंडी परीक्षा होती. याच शब्दांची वाक्यं तेव्हा ते मला विचारणार होते, तोंडी, आणि घरातलीच. जमलं तर इंग्रजी. नाहीतर दुसरा विषय घे.

घरी मी सगळं सांगितलं. लूमच्या आवाजात वडिलांचे कान गेले होते, त्यामुळे ते ओरडूनच बोलत. ते ओरडून म्हणाले की दे काहीतरी खोटंनाटं सांगून, सर काय घरी बघायला येणार आहेत का. आई म्हणाली, खोटं तर त्याहून वाईट. वडील म्हणाले, मग पोरीने काय करायचं? आईची कात्री चालत राहिली. मला तिचा राग आला होता. एका शब्दापायी माझं कॉलेज जाणार आणि ही साडी बघत बसली आहे, असं मला वाटत होतं.

विजेच्या सुट्टीच्या दिवशी वडील घरी होते. दुपारचं जेवण झाल्यावर आईने डोक्यावरचा पदर नीट केला, घर सांभाळायला वडील आहेत याची खात्री केली आणि मला म्हणाली, "चाल, स्टेशनवर जाऊ."

मी विचारलं कोणाला आणायचंय का.

"कोनलेच नही. तठे कोनंच घर नही."

मला कळायला थोडा वेळ लागला. ती इतके दिवस जागा शोधत होती. ओटा घराचाच. गल्लीत दोन्ही बाजूंना लोकांची घरं. देवळात तर बोलायचंच नाही. कोणाचीच वास्तू नाही अशी एकच जागा तिला सापडली होती.

उधना स्टेशनच्या फलाटाच्या पार टोकाला, जिथे पत्रा नाही तिथे, आम्ही एका सिमेंटच्या बाकावर बसलो. याच फलाटावरून भुसावळकडची गाडी जायची, माझ्या सुट्टीत आई मला भेटायला मामाकडे त्याच गाडीने यायची. तिने पाय वर घेतले, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुन्हा सरना शब्द सांग एकेक."

मी सांगितले, सरांनी सांगितले तसेच. हुकमाचा कोणता, दुर्लक्षाचा कोणता, मुदतीचा कोणता. ती लक्ष देऊन ऐकत होती. बाजारात भाजी निवडताना भाव ऐकते तशी, मध्येच "पुन्हा सांग" म्हणत. आणि मग तिने सुरुवात केली.

एक्स्पायरचं तिने आधी घेतलं, कारण ते सोपं होतं. लूमवर येण्याआधी वडील चलथाणला साखर कारखान्यावर हंगामी कामाला जात. रोज याच गाडीने, पास काढून. एकदा पासाची मुदत गेलेली आणि टीसीने पकडलं. वडिलांनी सगळे खिसे उलटे करून दाखवले. मग बरोबरचे लोक टीसीला म्हणाले, साहेब, याला सोडा, हा फार चांगला गातो. टीसी म्हणाला, मग गा. वडील दारात उभे राहून चलथाण येईपर्यंत गात राहिले. आई हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी म्हटलं, मी त्यांना गाताना कधी ऐकलं नाही.

"तोच दुसरा लिही ले," ती म्हणाली. लूमवर लागल्यावर आधी ते काम करता करता गात. मग आपलंच आपल्याला ऐकू येईना. कोणी बंद कर म्हटलं नाही, त्यांनीही ठरवलं नाही. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती झोक्याजवळ उभी होती, सगळे गात होते, आणि तिच्या लक्षात आलं की हे नुसतेच उभे आहेत. मी वहीत लिहिलं, सीस.

पहिलं खातं शेठने एका सकाळी बंद केलं, लूम भंगारात गेले आणि कारागिरांना दारातूनच उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते टर्मिनेट. तिची एक मैत्रीण होती, माहेरची. दोघी एकमेकींना येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप पाठवत. मग एक निरोप राहिला, मग दुसरा. ते लॅप्स. आणि तिची शाळा. ती चौथीत पहिली आली होती. मला हे माहीतच नव्हतं. पाचवीची शाळा नदीपलीकडच्या गावात होती आणि आजोबांनी नाही म्हटलं. मी डिसकन्टिन्यू लिहिलं आणि तिला तो शब्द म्हणून दाखवला. तिने तो एकदा स्वतः म्हणून बघितला. तिला तो जमला नाही आणि ती त्यावरही हसली.

मला वाटलं झालं. माझ्या वहीत वाक्यं भरली होती आणि मी मनातल्या मनात सरांसमोर उभी होते. तेवढ्यात ती म्हणाली, अजून एक आहे.

माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. इथेच, सुरतेत. खाडीला पाणी आलं होतं, गल्लीत कंबरेइतकं, आणि पाणी उतरल्यावर घराघरांत ताप. तो रांगायला लागला होता. मला उडतउडत ठाऊक होतं की असं काहीतरी झालं होतं, पण घरात कधी कोणी त्याच्याबद्दल बोललं नाही. पुढे मी झाले, आणि पुन्हा पावसाळा आला तशी तिने मला उचलून भावाकडे नेलं.

"तुले आठे ठेवानी भीती वाटे," ती रुळांकडे बघत म्हणाली. आणि मग, "त्याले काय म्हनतस तुम्हना इंग्रजीमा?"

माझ्याकडे सगळे शब्द होते. मुदतीचा लावायचा नव्हता. हुकमाचा नाही, दुर्लक्षाचा तर नाहीच नाही. सीसमध्ये हात दिसत नाही, पण ते झाल्यावर थोड्या वेळाने कळतं, असं सर म्हणाले होते. तिला तर त्याच क्षणी कळलं असणार. मी म्हटलं, आई, मला येत नाही. ती म्हणाली, बरं. सरांना विचार.

गाडी आली. बोचकी, डबे, पोरं घेऊन आमच्याच भागातली माणसं चढत-उतरत होती. ती गेल्यावर आम्ही उठलो. गल्लीच्या कोपऱ्यावर आल्यावर आई गप्प झाली आणि आत जाऊन चहा ठेवला.

तोंडी परीक्षेला सरांच्या खोलीत ते एकटेच होते. त्यांनी शब्द विचारले आणि मी वाक्यं म्हटली. माझे उच्चार कच्चे होते, एकदोनदा अडखळले. पासाची गोष्ट ऐकून ते हसले आणि टीसी नक्की सुरती असणार म्हणाले. वडिलांच्या गाण्याचं वाक्य त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मग बस झालं म्हणून त्यांनी पेन खिशाला लावलं. मी तशीच उभी राहिले. त्यांनी विचारलं, अजून काय?

मी सांगितलं. इंग्रजीत जमेल तेवढं इंग्रजीत, मग गुजरातीत, शेवटी सरळ मराठीत. आईने विचारलंय, आणि मला शब्द सापडत नाही.

सरांनी खिशाला लावलेलं पेन पुन्हा काढलं आणि काही न लिहिता परत लावलं. मला वाटलं माझं मराठी त्यांना कळलं नाही.

"मलाही सापडत नाही," ते म्हणाले. "सापडला तर सांगीन."

आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाले की मुख्य इंग्रजीचे वर्ग सोमवारपासून, वरच्या मजल्यावर. तिथे खुर्च्या कमी आहेत, शेजारच्या खोलीतून उचलून आणायची.

पुढे मी त्यांच्याकडे पदवीपर्यंत शिकले. आज जे थोडंफार लिहिते-वाचते, ते त्यांच्यामुळे. तो शब्द त्यांनी मला कधी सांगितला नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

परीक्षेच्या त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं तेव्हा वडील पेढे आणायला धावले आणि जाता जाता सगळ्या गल्लीला ओरडून सांगत गेले. आईने एकच विचारलं, सर काय म्हणाले. मी सांगितलं की त्यांनाही येत नाही. तिने मान हलवली. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं, का ते मला तेव्हा कळलं नाही.

वडील परत दारात येताच शेजारच्या वऱ्हाडच्या काकू आल्या. पेढा तोंडात टाकून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आईला म्हणाल्या की नशीब काढलंस बाई, पहिल्याच लेकराने नाव केलं.

आई चुलीपाशी होती. तिने मागे वळून बघितलं.

"पहिली नही," ती म्हणाली. "हिन्हा पहिले एक पोऱ्या व्हता मन्हा."

वडील पेढ्याचा पुडा हातात धरून दारात उभे होते. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण ते आत आले नाहीत. काकू खाली बसल्या. त्यांनी हळूच विचारलं, काय नाव होतं त्याचं? आईने सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.